नहरींच्या नगरांतील दोन दिवस

दिवाळीची सुटी लागली कीं मुलांस कोठें न्यावें हा प्रश्न एकत्र कुटुंबांत दरवर्षीं उपस्थित होतो, आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वींच बहुधा सुटी संपून जाते. वडील मंडळींस क्षेत्राचें ठिकाण हवें असतें, तरुणांस हवापालट हवा असतो, आणि मुलांस गाडींत खिडकीजवळ बसावयास मिळालें म्हणजे गाडी कोठें जाते याची फारशी पर्वा नसते. यंदा आमच्या घरीं हा तंटा निवाड्यासाठीं माझ्याकडे आला. मीं जें ठिकाण सुचविलें तें ना क्षेत्र, ना थंड हवेचें. तथापि तेथें तिन्ही पक्षांचें समाधान झालें, म्हणून त्याची हकीकत या सदरांत सांगावी असें वाटलें. शिवाय या प्रवासांत प्रस्तुत लेखकास एक धडा मिळाला, तोहि शेवटीं सांगणार आहें. कारण पस्तीस वर्षें इतरांस धडे देणाऱ्या माणसानें स्वतःस मिळालेला धडा लपविणें शोभत नाहीं.

तें ठिकाण म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, आजचें छत्रपति संभाजीनगर. हिंगोलीहून एस.टी.च्या गाडीनें औंढा, जिंतूर, मंठा, जालना या मार्गानें आम्ही गेलों. औंढ्यास नागनाथाचें दर्शन घडल्यामुळें वडील मंडळींचा अर्धा रोष तेथेंच मावळला. उरलेला अर्धा वेरुळच्या घृष्णेश्वरानें मावळेल असें मीं आश्वासन दिलें होतें.

या नगरानें चार नांवें पाहिलीं आहेत. मूळचें खेडें खडकी. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास तेथें निजामशाहीची राजधानी वसविली. त्याच्या मागें त्याचा पुत्र फत्तेखान यानें तिला फत्तेनगर म्हटलें. १६५३ च्या सुमारास शाहजादा औरंगजेब दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा घेऊन आला आणि तिचें औरंगाबाद झालें. सध्याचें नांव २०२३ सालीं अधिकृत झालें. नांवें बदललीं, परंतु खडक तोच आहे, आणि त्या खडकाखालचें पाणीहि तेंच आहे. लोक या नगरास बावन्न दरवाज्यांचें शहर म्हणतात. मीं मुलांस सांगितलें, "आपण हें नगर दरवाज्यांनीं मोजावयाचें नाहीं, पाण्याच्या वाटेनें पाहावयाचें."

कारण हें नगर मुळांत नहरींचें आहे. ज्या मलिक अंबरानें तें वसविलें तो हबसाणांत जन्मलेला, लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादेहून दख्खनेंत आलेला पुरुष. स्वतःच्या कर्तबगारीवर तो निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांस त्यानें गनिमी काव्यानें जेरीस आणलें, जमिनीची पाहणी करून धारा बांधला, आणि १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले. शहाजीराजांचे बंधु शरीफजीराजे त्याच लढाईंत कामास आले. मलिक अंबर १६२६ सालीं वारला. त्याची कबर जवळच खुलताबादेस आहे. इतका सारा इतिहास मीं वर्गांत अनेकदां शिकविला होता. परंतु त्याच्या नहरीस क्रमिक पुस्तकांत एक ओळ मिळत असे, आणि मीहि त्या एका ओळीपुढें कधीं गेलों नाहीं.

वास्तविक राजधानी वसविणारापुढें पहिली अडचण पाण्याचीच असते. खाम नदी नगराला लागून वाहते. परंतु ती पावसाळ्यांतली नदी, उन्हाळ्यांत तिच्यावर लाखभर माणसांची तहान सोंपवितां येत नाहीं. अंबरानें उत्तरेकडील डोंगरांकडे पाहिलें. पावसाचें पाणी डोंगरांत मुरतें आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरत राहतें. तें जमिनीच्या पोटांतच अडवून, गोळा करून, चुनेगच्ची बांधीव बोगद्यानें नगराकडे आणावयाचें, अशी ही योजना. हीच नहर-ए-अंबरी. ठिकठिकाणीं हवेसाठीं व साफसफाईसाठीं उभीं विवरें ठेविलेलीं. उतार इतका बेताचा कीं पाणी थांबूं नये आणि धांवूंहि नये. धांवलें तर बांधकाम खरवडून काढील, थांबलें तर गाळ बसेल. नगरांत शिरल्यावर तें पाणी मातीच्या भाजक्या नळांनीं हौदाहौदांत खेळविलेलें. वर ऊन तळपत असतां पाणी खालून सांवलींत येतें. तें उन्हानें आटत नाहीं, आणि त्यांत पाचोळाहि पडत नाहीं. इराणांत अशा भुयारी पाटांस कनात म्हणतात; दख्खनच्या कठीण काळ्या पाषाणांत तीच विद्या रुजविणें हें लहान काम नव्हे.

पुढें मोगल व निजाम यांच्या अमदानींत आणखी नहरी निघाल्या. त्यांपैकीं एकीचें नांव ऐकून आमच्या घरच्या मंडळींस विशेष कौतुक वाटलें : बेगमपुऱ्यांत थत्ते हौद आहे, आणि त्याला पाणी पुरविणारी ती थत्ते नहर. आपल्यांतील एका आडनांवाची खूण मोगली पुऱ्यांतील हौदावर राहिलेली पाहून आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं तेथें बराच वेळ काढला.

पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही भडकल दरवाज्यापासून आरंभ केला. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून मलिक अंबरानें तो १६१२ सालीं उभारला असें सांगतात. नगराचा तट त्यानंतर बराच उशीरां, १६८२ च्या सुमारास, औरंगजेबानें बांधविला. तेव्हां हा दरवाजा तटाहून जवळजवळ सत्तर वर्षांनीं वडील आहे, हें लक्षांत ठेवावें. त्याची कमान अंगानें भरदार आहे. नाजूकपणाची हौस तेथें नाहीं.

तेथून पाणचक्की. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानहून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या अवलियाचा हा दर्गा. आणि त्याच्या आवारांत, १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान नांवाच्या सरदारानें बसविलेली म्हणून मानली जाणारी ही पाण्यावर चालणारी चक्की. दुरून, डोंगरांतील विहिरींतून, मातीच्या नळांनीं पाणी येतें. एका उंच भिंतींत चढतें. भिंतीच्या माथ्यावरून लांबलचक हौदांत धो धो कोसळतें. आणि त्याच्याच एका फांट्याच्या जोरावर खालचें पात्यांचें चाक फिरून वरचा जात्याचा दगड फिरतो. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचें छत आहे, त्यामुळें भर उन्हाळ्यांतहि तें दालन थंड राहतें. शेजारीं एक पुरातन वटवृक्ष आहे. त्याच्या पारावर आमच्या मंडळींनीं दशम्या सोडल्या.

आमचा धाकटा नातू दहा वर्षांचा आहे. तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, पाणी खालीं जातें असें तुम्हीच सांगतां, मग हें वर कसें चढलें? कोठें पंप लपविला आहे काय?" प्रश्न रास्त होता. मीं त्यास चहाच्या किटलीची आठवण दिली. किटलींत चहा जितका उंच, तितकाच तो तोटींतहि उंच उभा राहतो. कोणी फुंकर मारावी लागत नाहीं. डोंगरांतील उगम ही किटली आणि ही भिंत म्हणजे तिची तोटी. उगम भिंतीच्या माथ्याहून उंच असल्यामुळें बंद नळांतून आलेलें पाणी आपली पातळी शोधीत वर चढतें. वाटेंत जागोजाग उभे खांब बांधलेले असतात, त्यांना तेथें बंबे म्हणतात. त्यांत पाणी चढून उतरतें, नळांत कोंडलेली हवा बाहेर पडते, दाब मर्यादेंत राहतो आणि गाळहि बसतो. मुलाचें समाधान झालें. मग तो चक्कीच्या दगडाकडे वळला आणि म्हणाला, "आणि पीठ कोणाचें?" पीठ यात्रेकरूंचें व तेथें उतरणाऱ्या फकिरांचें. आपल्या धर्मशास्त्रांत यज्ञयागादि कर्मांस इष्ट आणि विहिरी, तळीं, अन्नदान, उद्यानें यांस पूर्त म्हटलें आहे. पूर्त करणाराचा पंथ कोणता हें तहानलेल्यानें कधीं विचारलें नाहीं, आणि आपणहि विचारूं नये.

पाणचक्कीजवळून मकाई दरवाजा व त्याचा खामवरील जुना पूल पाहून, बेगमपुऱ्यांतून आम्ही बीबीच्या मकबऱ्याकडे गेलों. १६५७ सालीं निवर्तलेल्या दिलरसबानू बेगमेची, म्हणजे औरंगजेबाच्या पट्टराणीची, ही समाधि. तिचा पुत्र आझमशाह यानें ती बांधविली असें सर्वत्र सांगतात. परंतु गणित करून पाहावें : आझमशाहाचा जन्म १६५३ चा, आणि काम १६६० च्या आगेंमागें ऐन भरांत होतें. सात वर्षांचें मूल आईसाठीं शोक करील, मकबरा बांधणार नाहीं. तेव्हां मूळ आज्ञा बापाची असली पाहिजे आणि पुढील देखरेख मुलाकडे आली असली पाहिजे, हेंच संभवनीय दिसतें. दाराच्या पितळी पत्र्यावर शिल्पकार अताउल्ला आणि कारागिरीचा प्रमुख हंसपतराय अशीं दोन नांवें कोरलेलीं आहेत. हा अताउल्ला ताजमहालाच्या शिल्पकाराचा, उस्ताद अहमद लाहोरीचा, पुत्र. तावर्निये नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना संगमरवरानें लादलेले तीनशेंच्या आसपास गाडे वाटेंत पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. त्यांतील लहानांतल्या लहान गाड्यास बारा बैल जुंपलेले होते.

मकबऱ्यास "दख्खनचा ताज" म्हणून लगेच नांवें ठेवण्याची चाल पडली आहे. ताजपुढें तो लहान आहे, हें खरें. संगमरवर घुमटाला आणि खालच्या कमरेइतक्या पट्ट्याला. मधला भाग आपल्याच काळ्या पाषाणाचा, वर चुन्याचा गिलावा. परंतु तो गिलावा पाहावयास जवळ जावें. दख्खनच्या कारागिरानें चुन्यावर जी पानेंफुलें कोरलीं आहेत, तीं पाहून आमच्या धाकट्या सूनबाईंनीं वहींत रांगोळीसाठीं दोन वेलपट्ट्या उतरून घेतल्या. बागेच्या मध्यरेषेंतील कारंज्यांचे हौदहि दृष्टीआड करूं नयेत. येथेंहि शोभा दगडाची अर्धी आणि पाण्याची अर्धी होती. संध्याकाळीं डोंगराच्या पायथ्याशीं सोनेरी महालापर्यंत जाऊन आलों. एका बुंदेल्या सरदारानें सतराव्या शतकांत तो बांधला. सोन्याच्या रंगांतील चित्रांवरून त्याला हें नांव पडलें, आणि आंत आतां वस्तुसंग्रह आहे.

दुसऱ्या दिवशीं शहागंज, दिल्ली दरवाजा आणि हिमायतबाग असा बेत होता. शहागंजच्या मशिदीपुढील हौदास नहरीचेंच पाणी येत असे. तेथून पुढें एका गल्लींत एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनीं आपण होऊन आम्हांस नहरीचा एक बंबा दाखविला. त्यांच्या लहानपणीं गल्लींतील बायका तेथल्या पाण्यानें घागरी भरीत. आज बंब्याच्या तोंडांत फुटक्या विटा, चिंध्या आणि कागद कोंबलेले होते. एका अंगास एका घराची भिंत त्याच्यावर चढली होती. अशीं किती विवरें घरांखालीं व रस्त्यांखालीं बुजलीं, किती नळ पाया खणतांना फुटले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाहीं. त्या वृद्धांच्या घरीं नळ आहे. पण त्याला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानें येतें. तें पाणी येतें पन्नासएक किलोमीटरांवरून, जायकवाडीच्या नाथसागरांतून, पंपानें चढवून. १९७६ सालीं पूर्ण झालेल्या त्या धरणाला मी उणें म्हणत नाहीं. लाखांची वस्ती नहरीवर भागत असे, आजच्या पंधरा-सोळा लाखांची भागणार नाहीं. परंतु मोठें धरण आलें म्हणून घराजवळचा झरा बुजवावा, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

असें कांहींसें मी तेथें मोठ्यानें बोलूं लागलों. मास्तरकीची संवय, श्रोते चार जमले कीं आवाज चढतो. लोकांस पूर्वजांच्या कष्टांची किंमत नाहीं, आयतें मिळालेलें टिकवितां येत नाहीं, अशा अर्थाचें भाषण रंगांत आलें होतें. तेव्हां आमच्या थोरल्या सूनबाई जवळ येऊन हलक्या आवाजांत म्हणाल्या, "मामंजी, आपल्या आडावर आपण काय ठेवलें आहे?"

मी गप्प झालों.

वाचकांस याचा उलगडा केला पाहिजे. हिंगोलीस आमच्या वाड्याच्या मागील चौकांत एक आड आहे. माझ्या आजोबांच्या वेळचा. कातीव दगडांनीं बांधलेला. नळ आल्यावर त्याचें पाणी शेंदणें कमी झालें. मग एके दिवशीं एक लहान मूल कांठावर चढलेलें दिसलें, आणि घाबरून मीच हुकूम सोडला कीं त्यावर फरशी टाका. ह्याला बारा वर्षें झालीं. फरशीवर प्रथम कोळशाचें पोतें आलें, मग मोडकी खुर्ची, मग जुन्या वह्यांच्या पेट्या. एका कोपऱ्यानें फरशी फुटली तेव्हां घरांतील निर्माल्य त्यांत टाकण्याचा प्रघात पडला, आणि तोहि मीच पाडला. आतां धाकटे चिरंजीव तो आड साफ बुजवून त्या जागीं खोली बांधूं इच्छीत होते, कारण त्यांचें कुटुंब वाढलें आहे आणि त्यांना खोलीची खरीच गरज आहे. मीं त्यास संमति दिलेली होती. त्या गल्लींतील विटा कोंबणारा अज्ञात मनुष्य आणि मी, यांत अंतर एवढेंच कीं तो आपल्या बंब्याजवळ उभा राहून भाषण करीत नव्हता.

परतीच्या वाटेवर मी फारसें बोललों नाहीं. घरीं आल्यावर रात्रीं जेवणें झाल्यानंतर सर्वांस माजघरांत बसविलें आणि चूक कबूल केली. धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आड राखावयाचा तर मग खोली कोठें?" त्यांचा प्रश्न नातवाच्या प्रश्नाइतकाच रास्त होता, आणि याला किटलीचें उत्तर पुरणारें नव्हतें. कोठें तरी पातळी उतरल्याखेरीज दुसरीकडे पाणी चढत नाहीं. वाड्यांत दुसरी मोकळी जागा एकच : पुढील पडवी, जेथें माझ्या पोथ्या, कोश आणि लिहिण्याचें मेज आहे. ती मीं सोडली. पोथ्या आतां जिन्याखालच्या कपाटांत जातील आणि हें सदर यापुढें माजघरांत, मुलांच्या पाढ्यांच्या गजरांत लिहिलें जाईल. लेखांत एखादा पाढा घुसल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

येत्या वैशाखांत आड उपसावयाचा, गाळ काढावयाचा, तोंडास लोखंडी जाळी बसवावयाची, आणि पावसाळ्यापूर्वीं माडीवरील पन्हळीचें पाणी वाळू-खडींतून गाळून त्यांत सोडावयाचें, असें ठरलें आहे. आंत झरा जिवंत आहे कीं नाहीं, हें उपसल्यावर कळेल. निर्माल्यासाठीं तुळशीमागें खड्डा करण्याचें सूनबाईंनीं परस्पर ठरविलें; त्यास माझी संमति कोणी विचारली नाहीं, आणि तें योग्यच झालें.

आतां जे कोणी जाऊं इच्छितात त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यानंतर नहरींस पाणी असतें आणि ऊन सोसवतें. वैशाखांत जाऊं नये. नगर पाहण्यास दोन दिवस पुरतात. वृद्ध मंडळींस मकबरा व पाणचक्की एकाच सकाळीं दाखवूं नये. चौथऱ्यावर व आवारांत चालणें पुष्कळ होतें. दर्ग्याच्या व मशिदीच्या आवारांत जेथें पादत्राणें काढावयास सांगतील तेथें वाद न घालतां काढावींत. वेरुळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात, हें आधींच ध्यानांत ठेवून बेत करावा. घृष्णेश्वराचें दर्शन त्याच दिवशीं होतें, आणि त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केलेला आहे हें मुलांस सांगावें. तिसरा दिवस हातीं असल्यास पैठणास नाथांच्या वाड्याचें दर्शन घ्यावें. येतांना नाथसागराचा बांधहि पाहावा, म्हणजे नगराचें जुनें पाणी आणि नवें पाणी दोन्ही पाहिल्यासारखें होईल.

आणि परत आल्यावर आपल्या घराच्या मागल्या चौकांत एकदां जाऊन यावें. तेथें एखादी फरशी असल्यास तिच्यावर काय ठेवलें आहे, तें पाहावें.